परवाना एक, पंगती वेगळ्या : दिवाळखोरी व्यावसायिकांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत : बुडीत कंपन्यांचा कारभार हातात घेणारे इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल, म्हणजे बोलीतले ‘आयपी’, आणि त्यांच्यातली उतरंड. सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगतो. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत आयआरपी (सुरुवातीला कंपनी ताब्यात घेणारा हंगामी कारभारी), आरपी (त्यानंतर तोडगा काढणारा), लिक्विडेटर (कंपनी मोडून मालमत्ता विकणारा) आणि बँकरप्सी ट्रस्टी (दिवाळखोर व्यक्तीची मालमत्ता सांभाळणारा) अशी नावं येतात. ती चार वेगळ्या माणसांची पदं नव्हेत, एकाच परवान्यावर करायची चार कामं आहेत. वकिलांत ‘सीनियर अ‍ॅडव्होकेट’ हा दर्जा न्यायालय देतं, तसा कुठलाही दर्जा आयपींमध्ये कायद्याने नाही. आयबीबीआयच्या, म्हणजे नियामक मंडळाच्या नोंदवहीत सगळे सारखे. उतरंड तयार झाली ती बँकांच्या मतांमुळे, फीच्या टप्प्यांमुळे आणि कुणाच्या मागे किती मोठं ऑफिस उभं आहे यामुळे.

प्रश्न : चिपळूणला बारा वर्षं सीएची प्रॅक्टिस करतो. आयपीची परीक्षा द्यावी असं मनात आहे. मुंबईतले मित्र म्हणतात, परवाना मिळेल पण फाइल मिळणार नाही, तिथं वरच्यांचंच चालतं. तथ्य किती?

तथ्य बरंच आहे. पण आधी परवान्याचं पाहू, कारण अर्धे लोक तिथंच अडखळतात.

सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील म्हणून दहा वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. लिमिटेड इन्सॉल्व्हन्सी एक्झामिनेशन दोन तासांची, १०० गुणांची, बहुपर्यायी असते. पास व्हायला ६० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे टिकमार्क करू नका. पास झाल्यावर तीनपैकी एका एजन्सीचं सदस्यत्व घ्यायचं (सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट या तिन्ही इन्स्टिट्यूटची एकेक एजन्सी आहे), ५० तासांचा नोंदणीपूर्व अभ्यासक्रम करायचा आणि मग आयबीबीआयकडे नोंदणी करायची. निकालानंतर वर्षभर स्वस्थ बसलात तर परीक्षेची मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नोंदणी झाली तरी काम स्वीकारता येत नाही. त्यासाठी एजन्सीकडून एएफए, म्हणजे काम स्वीकारण्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. त्याची मुदत फार तर एक वर्ष. तुम्ही कुठेही नोकरीत नसावं, वयाची सत्तरी गाठलेली नसावी, शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसावी, त्या वर्षाचे प्रशिक्षणाचे तास आणि फी पूर्ण असावी. ज्या दिवशी काम स्वीकाराल त्या दिवशी एएफए चालू हवी. नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर आणि एएफए संपलेली, अशी बरीच मंडळी आहेत. उतरंडीची सर्वांत खालची पायरी हीच.

आता ‘वरचे’ कोण ते. देशात चार हजारांहून अधिक नोंदणीकृत आयपी आहेत, त्यांतले निम्म्याहून जास्त सीए. स्त्रिया फार तर दहात एखादी. शिखरावर बसलेले लोक मोठ्या कन्सल्टिंग संस्थांच्या किंवा मोठ्या आयपीईच्या, म्हणजे आयपींनी मिळून काढलेल्या संस्थेच्या छत्राखाली काम करतात. हजार कोटींच्या वरच्या फाइली त्यांच्याकडे. त्यांच्या खाली बँकांच्या स्वतःच्या पॅनलवर असलेले मुंबई-पुण्याचे जुने सीए आणि निवृत्त बँकर. त्याखाली आयबीबीआयच्या सहामाही पॅनलमधून एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांची प्रकरणं चालवणारं न्यायाधिकरण, ज्यांना नेमते ते. शेवटी वर सांगितलेले भिंतीवरचे.

हे असं का होतं, याचं उत्तर कायद्याच्या रचनेतच आहे. बँकेसारख्या वित्तीय धनकोने अर्ज केला, तर आयआरपीचं नाव अर्जातच सुचवावं लागतं. साहजिकच बँकेची थकीत कर्जांची शाखा ज्याला ओळखते त्याचंच नाव जातं. पुढे धनकोंच्या समितीची, म्हणजे सीओसीची पहिली बैठक होते. तिथं ६६ टक्के मतांनी आयआरपीला आरपी म्हणून कायम करायचं की दुसरा आणायचा हे ठरतं, आणि मतं थकीत रकमेच्या प्रमाणात असतात. पॅनलवर घेताना बँका आधीच्या फाइलींची संख्या आणि हाताखालची माणसं विचारतात. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, हा पेच नव्या माणसाला इथंच पडतो.

मक्तेदारी रोखायला जुलै २०२१ पासून एक बंधन आलं : एका व्यक्तीकडे एका वेळी आरपी म्हणून दहाच फाइली, त्यांत हजार कोटींहून जास्त मंजूर दावे असलेल्या तीनच. बंधन चांगलं आहे, पण ते व्यक्तीवर मोजलं जातं. एकाच ऑफिसात सहा परवानाधारक बसले की ऑफिसला त्याची झळ फारशी लागत नाही. त्यातच सप्टेंबर २०२२ पासून आयपीई संस्थेलाच आयपी म्हणून नोंदणी मिळू लागली.

फीचे टप्पे हे उतरंडीचं सर्वांत स्पष्ट चित्र. १ ऑक्टोबर २०२२ पासूनच्या नेमणुकांना किमान मासिक फी ठरवून दिली आहे : मंजूर दावे ५० कोटींपर्यंत असतील तर १ लाख रुपये, ५०० कोटींपर्यंत २ लाख, २,५०० कोटींपर्यंत ३ लाख, १०,००० कोटींपर्यंत ४ लाख, त्यापुढे ५ लाख. शिवाय निकालाशी बांधलेली रक्कम. १६५ दिवसांत तोडगा मिळाला तर वसूल होणाऱ्या मूल्याच्या १ टक्का, २७० दिवसांपर्यंत ०.७५, ३३० पर्यंत ०.५०, त्यापुढे शून्य. लिक्विडेशन मूल्याच्या, म्हणजे कंपनी मोडून विकली तर येणाऱ्या किमतीच्या, वर जितकं मिळेल त्याचा आणखी १ टक्का. निकालाशी बांधलेल्या या रकमेची कमाल मर्यादा ५ कोटी. कोकणातल्या बहुतेक फाइली पहिल्या टप्प्यात बसतात : काजू कारखाना, कॅनिंग, बर्फाचा कारखाना, लोट्यातलं छोटं केमिकल युनिट. महिना एक लाख ऐकायला बरा वाटतो, पण कंपनीच्या खात्यात पैसेच नसले तर तो कागदावरच राहतो.

आमचं मत : परीक्षा द्या, चालू प्रॅक्टिस मात्र सोडू नका. सहामाही पॅनलसाठी दर वेळी संमती कळवा. मुंबईच्या एखाद्या आयपीईला कोकणातल्या कामासाठी सहकारी म्हणून हात द्या. त्यांना महाड, लोटे, मिरजोळे किंवा कुडाळ एमआयडीसीत उभं राहून साठा मोजणारा, तलाठी आणि दुय्यम निबंधकाकडून कागद काढणारा माणूस हवाच असतो. दोन-तीन फाइली हातावेगळ्या झाल्या की बँकेच्या अर्जातला ‘अनुभव’ हा रकाना रिकामा राहत नाही. मूल्यांककाची वेगळी नोंदणीही विचारात घ्या. प्रत्येक फाइलीत आरपीला दोन नोंदणीकृत मूल्यांकक नेमावेच लागतात, आणि दक्षिण कोकणात ते सहज मिळत नाहीत.

प्रश्न : कुडाळची वकील आहे. पॅनलमधून एका काजू प्रक्रिया कंपनीची आयआरपी म्हणून नेमणूक झाली. अर्जदार हा छोटा पुरवठादार, तो म्हणतो माझ्याकडे खर्चाला पैसे नाहीत. मालक तडजोडीची भाषा करतात. बँकेचा अधिकारी सरळ म्हणाला, ‘पहिल्या बैठकीत आमचा मुंबईचा माणूस येईल.’ मी फुकट राबायचं का?

नाही. पण पहिल्या तीस दिवसांत कागद नीट झाले नाहीत, तर फुकटच राबल्यासारखं होईल. तुमच्या पायरीवरच्या आयपींची ही नेहमीची तक्रार आहे : नोटिसा, धावपळ, मालकाशी भांडणं हे सगळं पहिल्या महिन्यात छोट्याने करायचं आणि फाइल रुळावर आली की मोठ्याने ती न्यायची. हे बेकायदा नाही. म्हणूनच तुमचं संरक्षण तुम्हीच करायला हवं.

नेमणुकीचा दिवस शून्य धरा. तीन दिवसांत फॉर्म ए ची जाहीर सूचना : एक इंग्रजी आणि एक मराठी दैनिक, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आणि मुख्य कार्यालय जिथं असेल तिथं भरपूर खप असलेलं. इथं नवखी माणसं संपूर्ण महाराष्ट्राच्या आवृत्तीत जाहिरात देऊन पहिल्याच आठवड्यात खिसा रिकामा करतात. नियमात राज्यभर जाहिरात द्या असं म्हटलेलं नाही. कार्यालय कुडाळात असेल तर मराठीची जिल्हा आवृत्ती आणि इंग्रजीची जी आवृत्ती इथं खरोखर वाचली जाते ती घ्या, दोन दैनिकांचे लेखी दर मागवा आणि ते फाइलला लावा. दावे येण्याची मुदत चौदाव्या दिवसापर्यंत, छाननी एकविसाव्यापर्यंत, सीओसीच्या रचनेचा अहवाल तेविसाव्यापर्यंत, पहिली बैठक तिसाव्यापर्यंत.

खर्चाचा नियम असा : आयआरपीवरचा खर्च अर्जदार ठरवतो, त्याने ठरवला नाही तर एनसीएलटी ठरवते. तो आधी अर्जदाराने सोसायचा आणि सीओसी जितका मंजूर करेल तितका त्याला परत मिळतो. अर्जदार हात वर करत असेल तर वाट पाहू नका. पहिल्याच आठवड्यात खर्चाचा अंदाज लेखी द्या : जाहिरात, रखवालदार, विमा, प्रवास, तुमची फी. दोन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर एनसीएलटीकडे रक्कम जमा करण्याच्या आदेशासाठी अर्ज टाका. सहा महिन्यांनी केलेल्या अर्जाला ‘आधी का नाही सांगितलं?’ हाच प्रश्न विचारला जातो.

मालकाची तडजोड हा दुसरा धोका. सीओसी बनण्याआधी अर्ज मागे घ्यायचा असेल तर फॉर्म एफए तुमच्यामार्फत जातो, आणि त्यासोबत तुमच्या आतापर्यंतच्या खर्चाची बँक गॅरंटी जोडावी लागते. अर्ज आला की तो तीन दिवसांत एनसीएलटीपुढे ठेवायची जबाबदारी तुमची. ‘मॅडम, नंतर देतो’ यावर गॅरंटीशिवाय अर्ज पुढे पाठवलात, तर मालक आणि पुरवठादार हातात हात घालून घरी जातात आणि जाहिरातीचं बिल तुमच्या नावावर राहतं.

पहिल्या बैठकीच्या अजेंड्याचा क्रम तुमच्या हातात असतो, तो वापरा. पाच दिवस आधीच्या नोटिशीत आधी ‘आयआरपीच्या खर्चाची व फीची मंजुरी’ आणि त्यानंतर ‘आरपीची नेमणूक’ असे विषय घ्या. प्रत्येक बिल जोडा. तुम्हाला बदलल्यावर तुमची बिलं पास करण्यात कुणालाच रस राहत नाही. आणि बदलाचा ठराव झाला म्हणजे तुम्ही मोकळ्या झालात असंही नाही. नवं नाव एनसीएलटीमार्फत आयबीबीआयकडे जातं, नेमणुकीचा आदेश निघेपर्यंत रखवालदाराच्या पगारापासून विम्यापर्यंत जबाबदारी तुमचीच. हस्तांतर करताना यादी करून दोघांच्या सह्या घ्या. काजूगराचे डबे नुसते मोजून भागत नाही. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे दर्जे आणि पॅकिंगची तारीख लिहा. गोणीतली बी असेल तर दोन-तीन ठिकाणची गोणी उघडून फोटो घ्या. पावसाळ्यात बीला बुरशी धरते आणि मग ‘आधीच्या बाईंच्या काळात खराब झाली’ असं म्हणायला सगळे मोकळे.

वीज तोडण्याची धमकी आली तर संहितेचं कलम १४(२) दाखवा. अत्यावश्यक सेवा मोरेटोरियममध्ये, म्हणजे वसुली थांबवलेल्या काळात, मागच्या थकबाकीपोटी तोडता येत नाहीत. मात्र कारखाना चालवून माल काढत असाल तर या काळातलं चालू बिल भरावंच लागतं.

आणखी एक. कंपनीवर कुठल्याच बँकेचं कर्ज नसेल, किंवा वित्तीय धनको सगळे मालकाचेच नातेवाईक असतील, तर सीओसी सर्वांत मोठ्या १८ पुरवठादारांची आणि कामगार व कर्मचाऱ्यांच्या एकेक प्रतिनिधीची बनते. अशा फाइलीत मुंबईचा माणूस आणायला सहसा कुणी धडपडत नाही. तिथं टिकून राहा; पूर्ण केलेली एक छोटी फाइल पुढच्या अर्जाला मोलाची असते.

तुमच्या मदतनीसाला ‘साहेब’ आणि तुम्हाला ‘मॅडम, आरपी कधी येणार?’ असं विचारतात, असंही तुम्ही लिहिलं आहे. गेटवर नेमणुकीच्या आदेशाची प्रत आणि तुमच्या नावाची पाटी लावा, बँक खात्यावरच्या सह्या पहिल्याच दिवशी बदलून घ्या. चेकवर सही कुणाची हे कळलं की कामगारही ओळखतात. मालक कागद देत नसतील तर कलम १९(२) खाली असहकाराचा अर्ज करा आणि त्यात तारीखवार मागण्या लिहा. ‘सहकार्य करत नाहीत’ एवढ्याच वाक्यावर आदेश मिळत नाही.

प्रश्न : रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यात कंपनीला बर्फ पुरवत होतो, सात लाख येणे आहे. कंपनी एनसीएलटीत गेली. आता एक तरुण ‘मी आरपी साहेबांकडून आलोय’ म्हणून येतो, दावा तोंडीच घेतो, आणि दोन लाखांत सही करा म्हणतो. याला अधिकार आहे का?

नाही. तोंडी दावा नसतो आणि तडजोडीवर सही घेण्याचा अधिकार आरपीच्या माणसालाच काय, आरपीलाही नाही. मोठ्या आयपीचे सात-आठ सहकारी असतात : कोणी दावे तपासतं, कोणी साइट बघतं, कोणी सीओसीची कागदपत्रं लिहितं. मुंबईचा आरपी वर्षातून एकदा रत्नागिरीत येतो, बाकी वेळी ‘साहेब’ म्हणून फिरतो तो त्यांच्यातला सर्वांत कनिष्ठ. त्याने कागद गोळा करणं चालतं. पण संहितेखालची कर्तव्यं आयपीने दुसऱ्यावर सोपवू नयेत, असं आयबीबीआयचं जानेवारी २०१८ चं परिपत्रक आहे. दावा मान्य की अमान्य हे आरपीच सहीने कळवणार.

त्याच महिन्याच्या दुसऱ्या परिपत्रकाप्रमाणे आयपीच्या प्रत्येक पत्रावर त्याचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. क्रमांक असा दिसतो : आयबीबीआय/आयपीए-००१/… ००१ म्हणजे सीए इन्स्टिट्यूटची एजन्सी, ००२ कंपनी सेक्रेटरींची, ००३ कॉस्ट अकाउंटंटांची. त्यातच नोंदणीचं आर्थिक वर्षही असतं. हा क्रमांक आयबीबीआयच्या संकेतस्थळावर टाकून नाव आणि एएफए चालू आहे का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

दावा फॉर्म बी मध्ये भरा. बर्फाची बिलं, डिलिव्हरी चलनं (गाडी नंबरासह), खातेउतारा, जीएसटी विवरणं जोडा. ईमेलने पाठवा आणि पोचीचा ईमेल जपून ठेवा. फेटाळलं तर कारण लेखी मागा, मग एनसीएलटीत जाता येतं. सात लाखांवर तुम्हाला सीओसीत मत नाही. सगळ्या पुरवठादारांचं मिळून एकूण कर्जाच्या दहा टक्के येणं होत असेल, तर एक प्रतिनिधी मताशिवाय बैठकीला बसू शकतो. शीतगृहाच्या कारखान्यात हे फार उपयोगी पडतं, कारण साठा कधी आणि काय भावाने निघतो हे तिथंच कळतं. वीज गेली की गोठवलेली मासळी दोन दिवसांत कचरा होते, आणि मुंबईत बसलेल्या मोठ्या टीमला त्याचा अंदाज कधी कधी उशिरा येतो.

दबाव चालूच राहिला तर आयबीबीआयकडे तक्रार करता येते. घटना घडल्यापासून ४५ दिवसांत करा. कारवाई मागणाऱ्या तक्रारीला २,५०० रुपये फी आहे, तक्रार खोडसाळ ठरली नाही तर ती परत मिळते. नुसतं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर फी नाही.

प्रश्न : देवगडला आमचा कॅनिंगचा व्यवसाय होता. कंपनीच्या कर्जाला यजमानांनी वैयक्तिक हमी दिली होती. आता ‘बँकरप्सी ट्रस्टी’ येणार म्हणतात. फार मोठी माणसं असतात म्हणे. घर, हापूसची कलमं, माझे दागिने सगळं जाईल का?

आधी भीती कमी करू. वैयक्तिक जामीनदारांच्या फाइलींना या व्यवसायात मान नाही आणि पैसाही फार नाही, त्यामुळे मोठी ऑफिसं त्यांच्यामागे धावत नाहीत. तुमच्याकडे येणारा माणूस बहुधा मधल्या किंवा खालच्या पायरीवरचा एकटा आयपी असेल, हाताखाली एखादा मदतनीस. त्याचा अधिकार मात्र मोठ्याइतकाच असतो, म्हणून कागद पूर्ण द्या.

ट्रस्टी लगेच येतही नाही. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या जामीनदारांना संहितेतला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग लागू आहे. आधी १४ दिवसांची मागणी नोटीस, मग अर्ज. अर्ज दाखल होताच यजमानांच्या सगळ्या कर्जांना अंतरिम मोरेटोरियम लागू होतो. मग आरपी दहा दिवसांत अहवाल देतो. तो फक्त शिफारस करतो, निर्णय न्यायाधिकरणाचा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलीप जिवराजका प्रकरणात हे स्पष्ट केलं. अर्ज दाखल करून घेतला गेला तर परतफेडीची योजना मांडता येते, आणि तिला मतदान करणाऱ्या धनकोंच्या मूल्याने तीन चतुर्थांशांहून जास्त मतं लागतात. ती फसली तरच पुढे दिवाळखोरीचा आदेश आणि ट्रस्टी. खरी संधी योजनेच्या टप्प्यावर असते. आंब्याचं उत्पन्न एप्रिल ते जूनमध्ये येतं, तेव्हा हप्ते मासिक न मागता हंगामी मागा.

ट्रस्टी आला की यजमानांची मालमत्ता त्याच्याकडे निहित होते, काही वस्तू वगळून. बोजा नसलेलं एकच राहतं घर ग्रामीण भागात १० लाख रुपयांपर्यंत आणि शहरी भागात २० लाखांपर्यंत सुटतं. घर बँकेला तारण असेल तर ही सवलत नाही. धार्मिक रूढीने अंगावरून न काढता येणारे दागिने १ लाखापर्यंत सुटतात, त्यात मंगळसूत्र आलं. पण हे यजमानांच्या मालमत्तेचं. तुमचं स्त्रीधन तुमचं आहे, तुम्ही स्वतः हमीपत्रावर सही केली नसेल तर त्याला हात लागत नाही. कोकणात बायकोला ‘नावाची डायरेक्टर’ करून हमीवर सही घेतलेली असते, तेव्हा आधी हमीपत्र काढून पाहा.

कलमांची बाग शेतजमीन म्हणून आपोआप सुटत नाही. पण सातबारा सामाईक असेल तर ट्रस्टीकडे यजमानांचा हिस्साच जातो, चुलत्यांचा नाही. वाटप झालेलं नसेल, निम्मे हिस्सेदार मुंबईत असतील तर तो हिस्सा विकणं सोपं नसतं. त्यात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून बऱ्याचदा बाग विकण्यापेक्षा हंगामाचा करार देऊन रक्कम जमा करणं धनकोंनाही परवडतं. हे योजनेत तुम्हीच सुचवा.

‘मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाका’ असा सल्ला देणारे भेटतील. दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतला असा कमी किमतीचा किंवा बिनमोबदल्याचा व्यवहार ट्रस्टी रद्द करून घेऊ शकतो.

दिवाळखोरीच्या आदेशापासून एक वर्षाने मुक्ततेचा अर्ज ट्रस्टीला करावाच लागतो, प्रशासन आधी संपलं तर त्याआधीही. तोपर्यंत यजमानांना सार्वजनिक पदावर निवडून येता येत नाही किंवा स्थानिक संस्थेचं सदस्य म्हणून बसता येत नाही. ते ग्रामपंचायतीत असतील तर हे लक्षात असू द्या.

प्रश्न : अलिबाग. बँकेतून निवृत्त झालो, वय ६६. या व्यवसायात यावं का?

पदवीनंतर व्यवस्थापनाचा १५ वर्षांचा अनुभव चालतो, तेव्हा पात्र आहात. पण सत्तरीला एएफए बंद होते. परीक्षा, अभ्यासक्रम, नोंदणी यांत वर्ष गेलं तर हाती तीन वर्षं राहतात आणि बँकेच्या पॅनलवर चढायला तेवढाच काळ लागतो. त्यापेक्षा एखाद्या आयपीईकडे सल्लागार म्हणून बसा. बँकेच्या कर्जफाइली वाचता येणारा माणूस त्यांना हवाच असतो.

प्रश्न : हर्णैचा मच्छीमार आहे. ट्रॉलरचं कर्ज फिटत नाही. या नव्या कायद्याने दिवाळखोरी घेता येईल का?

नाही. कंपनीच्या कर्जाचे जामीनदार सोडले तर बाकी व्यक्तींना संहितेचा तो भाग अजून लागू केलेला नाही. तुम्हाला १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. देणं पाचशे रुपये असलं तरी अर्ज करता येतो, इतका तो जुना आहे. तिथं येणारा रिसीव्हर न्यायालयाने किंवा सरकारने नेमलेला असतो, वर सांगितलेल्या आयपींशी त्याचा संबंध नाही. या अर्जाने वसुलीपोटी होणाऱ्या अटकेपासून संरक्षण मागता येतं. पण बोट तारण असेल तर तारणावरचा बँकेचा किंवा सोसायटीचा हक्क तसाच राहतो, बोट वाचत नाही. तेव्हा आधी १ जून ते ३१ जुलैची बंदी धरून हप्त्यांची फेरमांडणी किंवा एकरकमी तडजोड मागा आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती लेखी द्या. ते फेटाळलं तर नकाराचं पत्र घ्या. जिल्हा न्यायालयात अर्ज करताना ते सोबत जोडता येईल.